अर्ध्या माहितीवरचा होकार

पोरांना विचारतं करायचं असेल तर नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला सांगायच्या, ही युक्ती फार जुनी आहे आणि अजून तरी मला तिच्याहून चांगलं काही सापडलेलं नाही. पंधरा ते अठराच्या मुलामुलींशी लैंगिक आरोग्यावर बोलायचं काम मी बरीच वर्षं करतेय, आणि डबा उघडला की दरवेळी त्याच शंका वेगवेगळ्या अक्षरांत बाहेर पडतात. एकावर एक दोन कंडोम घातले तर डबल सेफ्टी ना? (नाही, दोन्ही एकमेकांवर घासतात आणि फाटायची शक्यता उलट वाढते.) इमर्जन्सी गोळी म्हणजे अबॉर्शनचीच गोळी का? (नाही. ती मुख्यतः बीजांड बाहेर पडणं लांबवते, म्हणून संबंधांनंतर जितकी लवकर घेतली तितकी बरी. गर्भ रुजून झाला असेल तर तिचा काही उपयोग होत नाही.) पहिल्या वेळी दिवस जात नाहीत हे खरंय का? अजिबात नाही, पण ही समजूत इतकी चिवट आहे की मी तिच्यापुढे हात टेकलेत. आणि मग या सगळ्यात मधेच एखादी चिठ्ठी निघते, "ती आधी हो म्हणाली होती, मग मधेच नाही कशी म्हणू शकते?"

बऱ्याच अभ्यासक्रमांत ही शेवटची चिठ्ठी वेगळ्या धड्यात जाते. गर्भनिरोधन एका दिवशी, त्यात चित्रं, टक्केवारी, कुठल्या साधनाचं काय. कन्सेंट, म्हणजे संमती, दुसऱ्या दिवशी, त्यात घोषणा, नाही म्हणजे नाही, हो म्हणजे हो, टाळ्या, संपलं. मला ही विभागणीच पटत नाही. साधन वापरायचं की नाही, कुठलं, त्याचा त्रास कोणी सोसायचा, त्याबद्दल कोणाला किती माहिती आहे, हे सगळे कन्सेंटचेच प्रश्न आहेत. आणि यात एक तिसरी पार्टी असते जिच्याबद्दल कोणी बोलत नाही, ती म्हणजे आम्ही शिकवणारे. आम्ही मुलांना काय सांगतो आणि काय गाळतो, त्यावर त्यांचा पुढचा प्रत्येक होकार आणि नकार उभा राहणार असतो.

कंडोमचं घ्या. सगळीकडे लिहिलेलं असतं, ९८ टक्के सुरक्षित. हे खोटं नाहीये. फक्त हा आकडा अशा जोडप्यांचा आहे ज्यांनी वर्षभर दरवेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, नीट वापरला. प्रत्यक्षात लोक जसे वापरतात तसे वापरले तर वर्षभरात शंभरातल्या साधारण १३ जणींना दिवस जातात. गोळ्यांचं तेच, अगदी काटेकोर घेतल्या तर शंभरात एकही नाही म्हणायला हरकत नाही, पण प्रत्यक्षात ७. कॉपर टीमध्ये हा फरक जवळपास नसतोच कारण एकदा बसवली की रोज लक्षात ठेवायचं काम कोणाला उरत नाही. आता हा १३ चा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गातली निम्मी मुलं असं समजतात की शंभर वेळा वापरला तर १३ वेळा फेल जातो. तसं नाहीये ते, शंभर जोडपी आणि एक पूर्ण वर्ष असा तो हिशोब आहे, आणि त्यात 'त्या दिवशी जवळ नव्हता' म्हणणारे पण धरलेले असतात, म्हणजे छत्री घरी विसरून भिजायचं आणि छत्रीला नापास करायचं असा प्रकार. काहीच न वापरणाऱ्या शंभर जणींमध्ये हा आकडा ८५ च्या आसपास जातो हे शेजारी लिहिलं की मग कुठे १३ चा अर्थ लागतो.

मुद्दा असा की नीट वापरणाऱ्यांचा २ पण सांगायला हवा, १३ पण आणि ८५ पण. घाबरवणाऱ्यांना १३ आवडतो, पोस्टरवाल्यांना ९८. दोघांचा हेतू चांगलाच असतो हो. पण दोघांनीही समोरच्याने काय ठरवावं हे आधीच ठरवलेलं असतं आणि त्या मापाने माहिती कापलेली असते.

घाबरवण्याचं टोक बघायचं तर अमेरिकेतलं एक उदाहरण आहे. तिथे 'लग्नापर्यंत थांबा' एवढंच शिकवणाऱ्या कार्यक्रमांना सरकारी पैसा मिळायचा. २००४ साली हेन्री वॅक्समन या काँग्रेस सदस्यांच्या पुढाकाराने त्यातले सर्वात जास्त वापरले जाणारे १३ अभ्यासक्रम तपासले गेले, तर ११ मध्ये चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती निघाली. एकात तर असं होतं की स्त्री-पुरुष संबंधांत कंडोम ३१ टक्के वेळा एचआयव्ही अडवू शकत नाही. आता हे वाचून सोळा वर्षांचा पोरगा काय ठरवेल? थांबेल? काही थांबतील कदाचित. बाकीचे म्हणतील की तसाही उपयोग नाहीये तर घालायचाच कशाला. आणि ज्या दिवशी त्याला कळेल की आपल्याला थाप मारलेली होती त्या दिवसापासून तो त्या शिक्षकाचं गुप्तरोगांबद्दलचं खरं बोलणं पण ऐकणार नाही.

माहिती कापून घेतलेल्या होकाराचं काय होतं हे गर्भनिरोधक गोळीच्या इतिहासात जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठे दिसत नाही, म्हणून मी तो थोडा रेंगाळत सांगते. १९५६ साली पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर, सॅन हुआनच्या रिओ पिएद्रास भागातल्या एका नव्या वसाहतीत, ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक या अमेरिकी संशोधकांच्या गोळीची मोठी चाचणी सुरू झाली. बायका गरीब, पदरात मुलं, अजून मूल नको होतं. त्यांना सांगितलं की ही गोळी घेतली की दिवस जाणार नाहीत. ही गोळी अजून तपासली जातेय आणि तुम्ही त्या तपासणीचा भाग आहात, हे मात्र सांगितलं नाही. तेव्हाच्या गोळीत हार्मोनचं प्रमाण आजच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होतं. तिथलं काम बघणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या असे त्रास होतायत, गोळी काम चोख करते पण सर्रास वापरासाठी हे त्रास फार होतात. पिंकस आणि रॉक यांनी त्यातलं बरंचसं मनाचे खेळ म्हणून बाजूला सारलं. १९६० साली अमेरिकेत गोळीला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली.

हे ऐकून मुलं लगेच म्हणतात की म्हणजे जबरदस्ती केली त्यांच्यावर. तसं सरळ नाहीये, आणि मला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. त्या बायकांना गोळी हवी होती. त्या आपणहून आल्या होत्या, कोणी ओढून आणलं नव्हतं, इच्छा शंभर टक्के खरी होती. कमी होती ती माहिती. मग अशा होकाराला होकार म्हणायचं का? माझ्या मते नाही, पण वर्गात मी हे उत्तर लगेच देत नाही, त्यांना भांडू देते.

पुढचं आणखी मजेशीर आहे. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी गोळीच्या धोक्यांवर सुनावणी लावली, रक्ताच्या गुठळ्या वगैरे गोष्टी तोवर पुढे यायला लागल्या होत्या. साक्षीला एकाहून एक तज्ज्ञ, आणि गोळी घेणारी एकही बाई नाही! अ‍ॅलिस वुल्फसन ही कार्यकर्ती आणि तिच्या मैत्रिणी प्रेक्षकांत बसलेल्या होत्या, त्या उभ्या राहून जाब विचारायला लागल्या आणि टीव्हीवर ते सगळं दिसलं. त्या गडबडीचं फळ म्हणजे गोळीच्या पाकिटात येणारा माहितीचा कागद. अगदी बारीक अक्षरातला, आठ घड्या घातलेला, जो आपण न वाचता फेकून देतो. तेव्हा काही डॉक्टरांचं म्हणणं होतं की एवढं सगळं सांगितलं तर बायका उगाच घाबरतील. हे वाक्य मला आजही सतत ऐकू येतं, फक्त 'बायका'च्या जागी 'मुलं' असतं आणि 'घाबरतील'च्या जागी 'बिघडतील'.

बिघडतील हे तर आपल्याकडे शंभर वर्षं चाललंय. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक, त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी गेली, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते आणि तरी निकाल विरोधात गेला. बिघडण्याबद्दल म्हणाल तर लैंगिक शिक्षण दिल्याने मुलं लवकर संबंध ठेवायला लागतात असं काही दिसत नाही, युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत जगभरातले अभ्यास बघून हेच लिहिलंय. पण पालकांच्या सभेत हे सांगून कोणाचं मत बदललेलं मी फारसं पाहिलेलं नाही. भीती आकड्यांनी जात नाही बहुतेक.

माहिती सोडा, जिथे होकारच विचारला नाही असाही इतिहास आहे. भारतात १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यात बहुतेक पुरुषांच्या, आणि कोटे, धमक्या, रोखलेले पगार हे सगळं त्यात आलं. त्याचा एक परिणाम अजून भोगतोय आपण. पुरुष नसबंदीचं नाव इतकं खराब झालं की तो सगळा भार नंतर बायकांच्या ऑपरेशनवर गेला, जे खरं तर जास्त मोठं आणि जास्त जोखमीचं आहे.

तर भार कोणी उचलायचा हा प्रश्न आला की मुली एक किस्सा हमखास सांगतात. पुरुषांसाठी इंजेक्शन तयार झालं होतं, पण त्यांना थोडा मूड खराब होणं सहन झालं नाही म्हणून बंद केलं, आणि बायका हेच साठ वर्षं सहन करतायत! वर्गात हशा, मुलांच्या माना खाली. किस्सा मस्त आहे, पण अर्धाच खरा आहे. ३२० पुरुषांवरची ती चाचणी होती, अनेक देशांत चाललेली, इंजेक्शन चांगलं चालत होतं. मूड बिघडणं, नैराश्य वगैरे तक्रारी वाढल्या म्हणून २०११ मध्ये एका स्वतंत्र सुरक्षा समितीने ती थांबवायला लावली. भाग घेतलेल्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जणांनी असं सांगितलं होतं की हे मिळालं तर आम्ही वापरू. म्हणजे पळून गेले वगैरे काही नाही. मी हे सांगितलं की मुलींचा जरा विरस होतो, होऊ दे. कारण त्याखाली दडलेला प्रश्न जास्त धारदार आहे. बाईच्या बाबतीत गोळीचा धोका बाळंतपणाच्या धोक्याशी तोलला जातो, दोन्ही तिच्याच शरीरात. पुरुषाच्या शरीराला गर्भाचा धोकाच नाही, त्यामुळे त्याच्या पारड्यात दुसऱ्या बाजूला काहीच नसतं आणि छोटासा त्रास पण जड ठरतो. पण मूल होणं टाळणं हे दोघांचं काम असेल तर धोका दोघांचा मिळून का नाही मोजायचा? यावर अजून तरी कोणी मला गप्प करेल असं उत्तर दिलेलं नाही, मलाही सुचलेलं नाही.

आता त्या चिठ्ठीकडे येते, मधेच नाही कशी म्हणू शकते. म्हणू शकते, कधीही, आणि तो पण म्हणू शकतो. इतकं तर बहुतेकांना तोंडपाठ असतं. अडचण पुढे सुरू होते, जेव्हा होकार असतो पण काही अटीवर. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाकडे असे दोन खटले गेले. एकात माणसाने गर्लफ्रेंडला न सांगता कंडोमला भोकं पाडली होती, ती आपल्याला सोडून जाऊ नये, तिला दिवस जावेत म्हणून. २०१४ मध्ये कोर्टाने त्याची शिक्षा कायम ठेवली, म्हणाले की हा होकार फसवून घेतलेला आहे. दुसऱ्यात बाईने स्पष्ट सांगितलं होतं की कंडोम असेल तरच, आणि त्याने घातला नाही. २०२२ मध्ये कोर्टाने ५ विरुद्ध ४ असं ठरवलं की कंडोमसह संबंध आणि कंडोमशिवाय संबंध या मुळात वेगळ्या क्रिया आहेत, एकीला हो म्हटलं म्हणजे दुसरीला म्हटलं असं होत नाही. चार न्यायाधीशांना हे तसं पटलं नाही हेही मी सांगते, म्हणजे मुलांना कळतं की हे सोपं नाहीये.

यावर मुलगे लगेच विचारतात, आणि बरोबर विचारतात, की मग मुलगी गोळी घेते म्हणाली आणि घेत नसेल तर? मला हा प्रश्न आवडतो कारण तो टाळायचा मोह होतो. इंग्लंडमध्ये २०२० साली एक केस झाली, त्यात खोटं बोलणारा पुरुष होता, नसबंदी झालीये म्हणून सांगितलं आणि झालेली नव्हती. अपील कोर्टाने म्हटलं की यात क्रिया तीच राहिली, खोटं तिच्या परिणामाबद्दल होतं, त्यामुळे होकार रद्द होत नाही. त्याच न्यायाने बघितलं तर गोळीबद्दलचं खोटं पण बलात्कार ठरणार नाही. कायद्याने रेघ कुठेतरी मारायलाच हवी, मी समजू शकते. पण मी पोरांना सांगते की तुरुंगात जायचं नाही एवढीच आपली पातळी आहे का. समोरच्याने ज्या माहितीवर हो म्हटलं ती माहिती आपण खोटी दिली, मग आपण मुलगा असू की मुलगी, आपण त्याचा निर्णय चोरलाय. इथे मला पोर्तो रिकोच्या बायका परत आठवतात आणि तो ३१ टक्केवाला धडा पण.

दहा वेळा विचारून अकराव्यांदा मिळालेला हो, रुसव्याला घाबरून दिलेला हो, 'प्रेम नाहीये का तुझं' वरचा हो, यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही. पोरांना ते बरोबर कळतं. त्यांच्या आसपास रोज चाललेलं असतं.

वयाचा प्रश्न मात्र खरंच कठीण आहे. ब्रिटनमध्ये व्हिक्टोरिया गिलिक नावाच्या आई कोर्टात गेल्या होत्या, त्यांचं म्हणणं की माझ्या सोळा वर्षांखालच्या मुलींना डॉक्टरने मला न विचारता गर्भनिरोधनाचा सल्ला देऊ नये. १९८५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, ३ विरुद्ध २ मतांनी ते फेटाळलं. मुलीला आपण काय करतोय ते पुरेसं समजत असेल तर डॉक्टर सल्ला देऊ शकतो, पण आई-वडिलांना सांग म्हणून तिचं मन वळवायचा प्रयत्न त्याने करायला हवा, सल्ला न दिल्याने तिच्या तब्येतीला धोका आहे का ते बघायला हवं. गंमत म्हणजे 'पुरेसं समजणं' वयाने येत नाही, कोणीतरी समजावून सांगितलं तर येतं. ज्या पोरीला आपण काहीच सांगितलेलं नाही ती त्या परीक्षेत पास कशी होणार, आणि मग तिला समजत नाही म्हणून तिच्या वतीने परत आपणच ठरवणार. गिलिक बाईंची काळजी मला खोटी वाटत नाही, कुठल्याही आईला वाटेल तशी ती आहे. आणि सगळ्या देशांत कायदा असा नाही, कित्येक ठिकाणी ठरावीक वयाखाली होकाराला किंमतच नसते आणि डॉक्टरला कळवावं लागतं, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. मी माझ्या गटाला पहिल्याच दिवशी सांगते की कुठली गोष्ट माझ्यापाशी राहील आणि कुठली ऐकली तर मला पुढे सांगावीच लागेल. ते न सांगता त्यांना बोलतं करणं म्हणजे पुन्हा तेच झालं ना.

हे सगळं बोलायला छान आहे पण एका जागी माझीच कसोटी लागते. 'वेळेवर बाहेर काढणं' या पद्धतीबद्दल काय सांगायचं? माझ्याबरोबर सेशन घेणारी मैत्रीण नर्स आहे, तिने वॉर्डमध्ये जे बघितलंय ते मी बघितलेलं नाही. ती म्हणते की सांगायचं, ही पद्धतच नाही, विषय संपला. खरा आकडा असा आहे की वर्षभरात शंभरातल्या २० जणींना दिवस जातात, गुप्तरोगांपासून संरक्षण शून्य, आणि सगळा भरवसा नेमक्या त्या क्षणी एका माणसाच्या ताब्यावर. म्हणजे वाईटच. पण ८५ पेक्षा कमी आहे हेही खरं. तिचं म्हणणं, तू २० म्हणालीस की पोरं फक्त ८५ वरून २० एवढंच ऐकणार आणि कंडोम ठेवून देणार, मग ती पोरगी माझ्याकडे येणार, तुझ्याकडे नाही. ती चुकीचं बोलत नाहीये. मला यावर एवढंच म्हणता येतं की त्यांना हा आकडा कुठेतरी सापडणारच आहे, आणि तेव्हा तो गुप्तरोगांच्या वाक्याशिवाय सापडेल.

आमचं यावर एकमत झालेलं नाही. आम्ही अजून सेशन एकत्र घेतो. कंडोम, गोळ्या, कॉपर टी, इमर्जन्सी गोळी हे सगळं ती माझ्यापेक्षा चांगलं समजावते, पण हा मुद्दा आला की ती म्हणते, "हे ताई सांगतील," आणि बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसते. सेशन संपल्यावर जाताना आमचं त्यावरून परत थोडं वाजतं.